होडी उतरवायचा रस्ता

आमच्या आईचं ऐका. जायकवाडीच्या पाण्यात नवी होडी उतरवायची होती. मी जवळचाच काठ धरला, तर आमचे वडील, अण्णा, तोंडातली बिडी न काढता म्हणाले, "तिथं गाळ हाय, फसशील. आपल्या गावचा रस्ता घे, खाली खडी हाय."

गाव धरणात गेलं, पण रस्ता अजून थेट पाण्यात उतरतो. होडी अलगद सरकली. आई लई वर्षांनी तिकडं आली होती. तिघं होडीत बसून थोडं आत गेल्यावर तिनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला.

"काय झालं गं?"

"वेस आली. मामंजी पारावर बसलेले असायचे."

अण्णा हसले, "अगं, खाली नुसतं पाणी हाय आता."

"व्हय का? मग तुम्ही बिडी कशाला विझवली?"