पिंतादाच्या गळ्यातला गोळा

...आणि वर मलाच म्हणते, "निकानोरभाऊ, तुमची कोंबडी आजारी दिसते हो!" अहो, दिसते म्हणजे? तिला कुंपणापलीकडून दिसते आणि मला घरात दिसत नाही? तुम्हाला सांगतो, मी कुणाचं नाव घेत नाही, पण शेजारीण देओलिंदा हे बोलली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली!

पिंतादा म्हणजे माझी ठिपक्यांची कोंबडी. बायको गेल्यापासून माझं बोलणं मुकाट ऐकून घेणारी ती एकटीच. आता संध्याकाळी दाणे खाल्ले की कोंबडीची गळ्याखालची पिशवी फुगते, सकाळपर्यंत रिकामी होते. पण त्या दिवशी सकाळी बघतो तर पिशवी लिंबाएवढी... लिंबाएवढी कसली, संत्र्याएवढी! घट्ट! आणि चोच उघडली तर असा आंबूस भपकारा की विचारू नका! हे काय आपोआप होतं? आदल्याच आठवड्यात पिंतादानं या शेजारणीचा साबुकंदाचा वाफा उकरला होता. "बघतेच हिच्याकडे एक दिवस!" या कानांनी ऐकलंय मी! कुणाचं नाव घेत नाही, पण वाफा काय दहा जणींचा उकरला होता?

दाणे बंद केले, जरासं तेल पाजलं, दिवसभर गळा चोळत बसलो. तर ही कुंपणावरून पेला पुढे करते, "घ्या, थंडगार तेरेरे. उन्हाचे बसलाय." बावीस वर्षं हे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याचं पेय एकाच पेल्यातून, एकाच नळीनं पितोय आम्ही, पण त्या दिवशी पाल्याचा वास मला वेगळाच आला! म्हटलं, "पोट बिघडलंय." तर म्हणते, "काल तर दोन वाट्या सूप ओरपलंत!" बघा! माझ्या वाट्या मोजते! म्हणजे पाळतच की!

दुसऱ्या दिवशी पिंतादा मानच उचलेना. जनावरांची डॉक्टरीण लिदुविना आली. पोरगेलीशी, पण गळा चाचपून म्हणाली, "आजोबा, आत काहीतरी गुंतून बसलंय. चीर द्यावी लागेल. धरायला कुणीतरी हवं." मी चाळीस वर्षं वस्तरा चालवणारा न्हावी, पण पिंतादाला धरायला काही पुढे होईना! आणि धरायला धावलं कोण? नाव घेत नाही म्हटलं तरी घ्यावं लागतं... देओलिंदा! बाह्या सरसावून! मी तिच्या हातांवरची नजर हलवली नाही.

डॉक्टरणीनं गळा बधिर केला, चीर दिली, चिमट्यानं ओढलं... वाळलं गवत आलं. मग केस! पुंजकेच्या पुंजके! आता गावाच्या हजामती मी अंगणात, आंब्याखालीच करतो, केस तिथेच कोपऱ्यात लोटतो. पण हे केस टोकाला काळेभोर आणि मुळाशी पांढरेशुभ्र! डॉक्टरीण उजेडात धरून म्हणते, "कलपाचे दिसतात. कोण लावतं हो गावात?"

अहो, आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत, असं मी गावभर सांगत आलोय!

देओलिंदानं माझ्या डोक्याकडे पाहिलं. चिमट्याकडे पाहिलं. आणि शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, आम्ही कुणाचं नाव घेत नाही."

जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं!

पिंतादा वाचली. पण "टाके भरेपर्यंत या केसांच्या अंगणात सोडायची नाही," असा हुकूम सुटला, म्हणून दहा दिवस देओलिंदाकडे ठेवली. दोन महिने झाले... परत यायचं नाव नाही! रोज कुंपणाशी दाणे घेऊन उभा राहतो, गोड गोड हाका मारतो. येते, थांबते, मान वाकडी करून एका डोळ्यानं आधी मला न्याहाळते, मग दाण्यांना न्याहाळते... आणि दोन पावलं मागे सरते. काय करता? शेवटी वळण माझंच ना!