कच्च्या ब्राउझरची पोच

संगणक दुरुस्तीच्या दुकानात माझा नंबर दुसरा होता. माझ्यापुढच्या बाई काउंटरवर दुकानदारापुढे मोबाइल धरून उभ्या होत्या.

“भाऊजी, यांच्या त्या कच्च्या ब्राउझरचे मेल अजून येतात हो.”

“वहिनी, दादा रोज सकाळी चाचणीची नवी आवृत्ती टाकायचे. ती कोसळली, म्हणजे मध्येच बंद पडली, की कंपनीला तक्रार जाते, तिची पोच येते. घाबरू नका.”

“पण ती टाकतंय कोण? यांना जाऊन दोन महिने झाले.”

“दादांच्या संगणकात, त्या लिनक्समध्ये, वेळ लावून ठेवली असेल. सगळं आपोआप होतं.”

“कोणत्या मशीनवर? यांच्या मशीनमध्ये लेकीसाठी तुम्हीच तर नवी डिस्क बसवून दिलीत.”

“हो की. त्यात मी साधाच ब्राउझर टाकलाय. मग हे मेल जुने असतील.”

“आवृत्तीची तारीख बघा.”

“कालची आहे... आणि मशीनचं नाव दादांनी ठेवलेलंच.”

“यांची जुनी डिस्क कुठेय?”

“मागच्या कपाटात, कुलपात. तिला साधी वायरसुद्धा लावलेली नाही, वहिनी.”

“तक्रारीत काही लिहायला जागा असते ना?”

“असते. ब्राउझर कोसळला तेव्हा तुम्ही काय करत होता, असं विचारतात. दादांनी ती जागा कधी मोकळी सोडली नाही.”

“कालही सोडलेली नाही. वाचा.”

“तुम्हीच वाचा.”

“‘अंधारात बसलो होतो. कपाट उघडा.’”

“ही घ्या किल्ली. तुम्हीच उघडा.”