दुसऱ्या गटाचा नंबर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या डॉक्टर मॅडम, विभागातले सगळे थेरपिस्ट आणि परिचारिका, आणि काठी, चाकाची खुर्ची किंवा घरच्या माणसाचा खांदा धरून इथवर आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी शाळेत शिकवते. आमच्याकडे कुणीही निवृत्त झालं की निरोपाचं भाषण लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे दीपस्तंभ, वटवृक्ष आणि चंदनासारखं झिजणं हे सगळं मला तोंडपाठ आहे. आजच्यासाठीही तसं एक लिहिलंय, पर्समध्ये आहे. सूत्रसंचालकांनी मघाशी मला बाजूला घेऊन बजावलं, "ताई, रुग्णांच्या नातेवाइकांच्या वतीनं दोन शब्द. गोड बोला, मॅडम हळव्या झाल्यात." दोन शब्द सांगून दोनच बोललेलं माणूस आजवर कुणी पाहिलंय का? तरी मी प्रयत्न करते.

मॅडमचं कार्य मी काय सांगावं? पाहुण्यांना कदाचित माहीत नसेल, म्हणून माझ्या भाषेत सांगते. पक्षाघाताचा झटका आला की एक हात लुळा पडतो. मग माणूस दुसऱ्या, चांगल्या हातानं सगळं करायला लागतो. घरच्यांना वाटतं, चला, निभावलं. मॅडम म्हणाल्या, इथंच घात होतो. चांगला हात पुढं पुढं करत राहतो आणि मेंदू आजारी हाताला विसरूनच जातो. म्हणून त्यांचा उपचार उलटा. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा, पट्टा आवळायचा आणि आजारी हाताला कामाला लावायचं. घरातल्या आळशी मुलाला उठवायचं तर कामसू मुलाला आधी कोंडून ठेवा, असाच हा प्रकार. हसू नका, मॅडमना हे उदाहरण आवडलं होतं.

आता हे खरंच उपयोगी पडतं का, हे सिद्ध करायचं तर दोन गट हवेत. एकाला हातमोजा, दुसऱ्याला नेहमीचा व्यायाम. कुणाला कुठं घालायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, वशिला चालत नाही. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या गटात गेला.

तो तिसऱ्या रांगेत बसलाय, निळ्या शर्टातला. विभागात सगळे त्याला पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा, आणि बघणाऱ्यांनी वा म्हटलं की मुद्दाम आणखी एक ओढून दाखवायचा. उजवा हात गेला. जीभ मात्र शाबूत आहे, उलट धार आलीय. मघाशी व्यासपीठामागच्या या छापील फलकाकडे बघून माझ्या कानात म्हणाला, "ताई, मॅडमच्या नावातली अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतायत बघ. मशीनला दम खायची अक्कल नसते."

पहिल्याच दिवशी मॅडमनी दुसऱ्या गटातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "अभ्यास संपला की तुमचा नंबर. तोवर घरी हातमोज्याचा प्रयोग करू नका, नाहीतर दोन गटांत फरकच उरणार नाही. हा माझा शब्द, आणि तुमचाही द्या." आम्ही दिला. मॅडमनीही मनापासून दिला होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पहिल्या गटाचे हात उघडू लागले. पोस्टातले काका आलेत ना? हो, ते काय. काका आता स्वतः शर्टाची बटणं लावतात. जिन्यात कुणी भेटलं की एक बटण काढून पुन्हा लावून दाखवतात. काका, तुम्ही लाख माणूस आहात, पण खरं सांगते, तुमचं बटण लागलं की मी मान फिरवून जिना उतरायचे. एकदा तर तुमचा रागच आला. मला माफ करा. त्या दिवशी घरी गेले आणि भावाचा थंडीतला लोकरीचा हातमोजा काढला. म्हटलं, कोण बघतंय? त्यानं डावा हात पाठीमागे लपवला. "ताई, आपण दुसऱ्या गटातले. ओळ आखली की ओळीतच लिहायचं. उद्या मॅडमचे आकडे खोटे पडले तर कुणाकुणाचं नुकसान होईल?" त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत जाऊन नळ सोडून भांडी घासत बसली.

तर अभ्यास संपला. निष्कर्ष उत्तम आले. टाळ्या झाल्या, पेढे नाहीत तरी चहा झाला. आणि विभागाच्या दारावर सूचना लागली, की अभ्यास पूर्ण झाल्यामुळे मॅडमच्या निवृत्तीनंतर, म्हणजे उद्यापासून, खोली बंद, थेरपिस्टांची इतर वॉर्डांत बदली, खोलीत नवी यंत्रं ठेवणार. मॅडम तर आजच निवृत्त होतायत. दुसऱ्या गटाच्या नंबराबद्दल त्या सूचनेत एक अक्षर नाही.

मी मॅडमना कॉरिडॉरमध्ये गाठलं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी खूप भांडले हो ताई. आता माझ्या हातात काही राहिलं नाही." मी म्हटलं, "मॅडम, हातात काही न राहणं म्हणजे काय, ते माझ्या भावाला विचारा." हे मी बोलायला नको होतं. त्यांचे डोळे भरून आले, मग माझेही. दोघी तिथंच उभ्या. शेजारून स्ट्रेचर गेलं तेव्हा बाजूला झालो.

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली. "कृपया आवरतं घ्या." घेते हं.

कुणी म्हणेल, आता अभ्यास संपला, मग घरीच बांधा की हातमोजा. बांधला. पहिल्याच सकाळी त्यानं चहाचा कप उचलायला घेतला आणि सगळा मांडीवर. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यानं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि भिंतीवर भिरकावला. घरी बांधतो तो नुसता हातमोजा असतो. विभागात थेरपिस्ट शेजारी बसतात. आज जमेल तेवढंच काम हाताला देतात, ते जमलं की केसभर अवघड, आणि असं सकाळपासून दुपारपर्यंत रोज. ते आम्हाला येत नाही. मी भाषणं लिहिणारी बाई आहे.

आणि थांबायला सवड नाही. या उपचाराची एक अट आहे, बोटं स्वतःहून थोडी तरी उघडली पाहिजेत. घट्ट मिटलेल्या मुठीला हा उपचार लागू पडत नाही. त्याची बोटं अजून उघडतात. पण मुठीत घाम साचतो म्हणून त्याची बायको रोज बोटं उकलून तळवा पुसते ना, परवा तिला ती उकलेनात. कोमट पाण्यात हात धरला तेव्हा कुठं सैल पडली. तिनं मला फोन केला. "ताई, अंगठा आत जायला लागलाय." एवढंच म्हणाली. मी वर्गात होते. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, मुलांना कळू नये म्हणून खडूनं काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं ते मला अजून आठवत नाही.

ओळीत लिहिणाऱ्या माणसाचं हे असं व्हावं? काकांचा हात हातमोज्यामुळेच चालतो हे ज्याच्या लुळ्या हाताशी ताडून सिद्ध झालं, त्यालाच खोली बंद? संचालक महोदय, मी आपल्याला दोष देत नाही. आपल्यापुढे सगळ्या संस्थेचा व्याप आहे. आपल्याला बैठकीला जायचं होतं म्हणून अध्यक्षीय भाषणही आधीच उरकलंत आणि तरीही अजून बसला आहात, ही आमच्यावर कृपाच. आपलं भाषण मी कान देऊन ऐकलं. आपण म्हणालात, "या विभागात एकदा हातमोजा बांधला की उपचार पूर्ण होईपर्यंत रुग्णाला मध्येच सोडलेलं नाही. ही आमची परंपरा आहे आणि ती पुढेही राहील." सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

कारण तो मॅडमचाच नियम आहे. एका आजोबांचा मुलगा त्यांना मध्येच गावाला न्यायला आला, तेव्हा मॅडमनी त्याला दारातच अडवलं होतं. "बांधायच्या आधी हवं तर नको म्हणा. बांधल्यावर ना तुम्ही सोडायचं, ना आम्ही." बिचारा पिशवी घेऊन आल्या पावली परत गेला.

आता कार्यक्रमपत्रिका पाहा. माझ्यानंतर, "रुग्णांतर्फे पुष्पगुच्छ." तो माझा भाऊ देणार आहे. पुष्पगुच्छ मी इथं टेबलावर ठेवते, तो नंतर कुणीही देईल. भावाच्या खांद्याला पिशवी आहे. त्यात विभागातला हातमोजा आहे. कपाटाची आवराआवर चालली होती, तेव्हा मी थेरपिस्टताईंकडून मागून घेतला. त्यांना बोल लावू नका, मी आठवण म्हणून मागितला होता. मी खोटं बोलले.

भिंतीवरच्या घड्याळात अजून पाच वाजायचे आहेत. पाचपर्यंत मॅडम सेवेत आहेत. त्यांनी बांधलेला पट्टा हा विभागानं बांधलेला पट्टा. एकाचा बांधला की दुसऱ्या गटातल्या बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड उरणार नाही.

मॅडम, मला ठाऊक आहे, मी तुम्हाला तुमच्याच समारंभात कोंडीत पकडते आहे. अशा बाईला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. रात्रंदिवस हेच डोक्यात घोळतंय, दुसरा मार्ग सापडला नाही. सापडला असता तर दीपस्तंभावर बोलून खाली बसले असते.

तो उठलाय. पायऱ्या चढताना त्याला कुणी हात देऊ नका, तोही विभागाचाच नियम.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, सूत्रसंचालकांनी माईक बंद केला नाही, संचालक महोदय उठून गेले नाहीत, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल, किंबहुना झालंच आहे, ते पदरात घ्या. नाही घेता आलं तर राहू द्या. पण मॅडम, तो तुमच्यासमोर येऊन उभा राहिलाय. त्याचा चांगला हात तेवढा हातात घ्या, आणि बांधा.