शेवटपर्यंत बसणारा

ज्ञानाला आता भिंती उरलेल्या नाहीत. धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मात्र होत्या, आणि तिथल्या एका भिंतीला टेकून एकाच शाळेतले वसंत सर आणि कामिनी मॅडम नंबराची वाट बघत होते.

"सर, शनिवारच्या ऑनलाइन वर्गाले पोरं बसतात का?"

"हजेरी झाली की निघून जातात. पण आमचा पुष्कर शेवटपर्यंत बसते."

"तुमचा मुलगा? पुण्याहून?"

"यादीत नाव दिसते ना त्याचं. फोन करायले वेळ नाही त्याले, पण बापाची भूमिती ऐकून राहिला."

"काही बोलते का?"

"माईक बंद ठेवते. शिस्त आहे."

"तुम्ही तर लॅपटॉपवरून शिकवता ना?"

"हो. अन् बाजूले टॅब लावून ठेवतो, पोरायले फळा कसा दिसते ते पाहायले. पुष्करचाच जुना टॅब. जाताना त्याच्याच नावानं सगळं सुरू करून देऊन गेला."

"सर, मग त्या टॅबवर…"

"काय?"

"काही नाही. बसते ना तो, चांगलं आहे."

"गेल्या शनिवारी मात्र आला नाही. कामात असन."

"असन."

"माझंही लक्ष नव्हतं त्या दिवशी. टॅब चार्जच केला नव्हता."