रिजेक्शनचा पहिला ड्रमर

हॅलो?… कोण?… अगो गौरवी, तू होय. हा कुठला नंबर?… हो, हो, बोल. आत्ताच ऑफिसातून आलो… नाही गो, कसली अडचण. पुतणीने काकाला फोन करायला वेळ बघायचा असतो काय?

कसलं पुस्तक?… रिजेक्शन बँडचं? पंचवीस वर्षं झाली?… झाली असतील, आम्ही कुठे मोजतो. आणि ते तू लिहितेस. बरं झालं, निदान घरातल्या माणसाने लिहिलं. मागे त्या पेपरवाल्याने माझ्याबद्दल काय छापलं होतं माहीत आहे?… 'सुरुवातीचा एक सदस्य'. मी काय दूध सोसायटीचा सदस्य होतो?

वाच, वाच, ऐकतोय… 'डिचोलीत २००१ साली तुषारने'… थांब. तुषारने नव्हे. तुषारच्या बापाचं ट्रकचं गॅरेज होतं, तेवढंच त्याचं. मेटल बँड काढूया हे मी म्हणालो. धारगळहून रोज स्कूटरने कोण जायचं?… नाव त्याचं, ते कबूल. खाणीतली टाकाऊ माती, तिला ट्रकवाले रिजेक्शन म्हणतात. त्या ढिगाच्या पायथ्याशीच गॅरेज. आम्ही वाजवायला लागलो की शेजारची लक्ष्मीमावशी येऊन विचारायची, खाणीत आज सुरुंग अवेळी कसे काय… हो, हो, तेही लिही.

पुढे?… '२००४, पहिला अल्बम'… हां. त्याच महिन्यात मला वीज खात्याची ऑर्डर आली… अगो ऐक ना. 'सोडून गेला' लिहू नकोस. सरकारी नोकरी आली, घेतली. आपल्याकडे कोण नाही म्हणतो? बाबा वाड्यावर पेढे वाटून मोकळे झाले होते… आणि माझ्या जागी सुदेश, हो. आमच्याच वाड्यावरचा. गणपतीत, चवथीच्या आरतीला, माझ्या मागे नाक पुसत बसायचा. मातीचं घुमट मांडीवर कसं धरायचं, चामड्यावर बोट कुठे पडायचं, सगळं मी शिकवलं. माझं बघून बघूनच ड्रमवर बसायला लागला.

'२००९ला विनिता गायला आली'… ती बरी आहे. त्या पोरीने घोगरा सूर लावला की साऊंडवाला आधी आपला माईक तपासायचा… '२०१२, खाणी बंद'… बंद झाल्या, ट्रक दारात उभे राहिले, लोक रडले, आणि ह्यांनी त्याच्यावर अल्बम काढून नाव कमावलं… नाही गो, चांगला होता. चांगला होता हीच तर पंचाईत.

जर्मनीतला तो कार्यक्रम माहीत आहे. पन्नास हजार लोक चिखलात उभे. मी त्या दिवशी कोरगावला माड पडला होता तिथे तार ओढत होतो. खांबावरून उतरलो तर मोबाईलवर सुदेश, घामाने निथळलेला, आणि गोरी माणसं त्याच्या नावाने ओरडतायत… जळलो? हो, जळलो. खोटं कशाला सांगू? आत्तासुद्धा जळतोय. मग त्याने मांद्र्याला घर बांधलं, वरची सबंध खोली ड्रमसाठी. वास्तुशांतीला बोलावलं होतं. मी ताप आला म्हणून सांगितलं.

एक मिनिट हं… मनीषा, पोदेर पाव घेऊन आला बघ, हॉर्न ऐकू येत नाही काय? चार उंडे घे, कडक बघून… हां, बोल.

कॅसेट? कुठली कॅसेट?… पहिल्या कार्यक्रमाची? कोण म्हणालं माझ्याकडे आहे?… तुषारला काय जातं सांगायला. नाही गो. वाळवी लागली तिला… प्लास्टिकला लागत नाही ते मलाही कळतं. मग पावसात भिजली असेल… नाही, ती मनीषा मागून बोलते. कपाटात आहे ती भजनाची, तिला काय माहीत.

बरं, ते पान वाच… 'रिजेक्शनची ओळख ठरलेला ठेका… आरतीतलं घुमट दोन्ही पायांनी ड्रमवर वाजवायची कल्पना मूळ योगेशची'… परत वाच… हे कोण म्हणालं?… सुदेश? स्वतःच्या तोंडाने?… नाही, मी सांगतो सगळ्यांना तसं. ऑफिसात सांगतो, लग्नाच्या पंगतीत सांगतो, इतकी वर्षं सांगत आलो. पण त्याने का सांगावं?

खुश आहे गो. छाप… नको. थांब, छापू नकोस. ऐक.

कॅसेट आहे. साड्यांच्या खाली… सांगतो ना. त्या वर्षी चवथीच्या चार दिवस आधी धाकटे आजोबा गेले, तुझे चुलत पणजोबा. सुतक लागलं. सुतकात घुमटाला हात लावायचा नाही, गणपतीच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही. आणि पहिला कार्यक्रम नेमका धारगळच्या सार्वजनिक गणपतीत. माझ्या जागी सुदेश बसला. मी हायवेच्या पलीकडे भज्यांच्या गाड्यावर उभा. टेपरेकॉर्डर माझा, तो तेवढा आत गेला.

आरती संपली तशी ह्यांना स्टेजवर चढवलं. कानात घुमट असेल अजून, त्या पोराने तेच पायांनी सुरू केलं. सतरा वर्षांचं पोर. भज्यांच्या कढईपाशी उभा माणूससुद्धा हात थांबवून ऐकत राहिला. आणि मला तिथे उभ्या उभ्या कळलं, हे मला सुचलं नसतं. दहा वर्षं बसलो असतो तरी नाही… नोकरी तीन वर्षांनी आली गो. मी मनातून त्याच संध्याकाळी बाहेर पडलो होतो.

कॅसेटच्या सुरुवातीलाच गणपती मंडळाचे मास्तर माईकवर सांगतात, योगेशच्या घरी सुतक असल्यामुळे आज ड्रमवर सुदेश. म्हणून कोणाला ऐकवली नाही. आता पुस्तकातलं ते वाक्य काढ आणि तिथे त्याचं नाव घाल.

काय?… तुला माहीत होतं?… सुदेशने सांगितलं? सुतकाचंही?… आणि तरी माझंच नाव घाल म्हणाला?… काय म्हणाला, परत सांग… 'दादाने हातात घुमट दिलं नसतं तर पायांत कुठून आलं असतं'…

बरं वाटलं ना म्हणून काय विचारतेस?… नाही, बरं वाटलेलं नाही मला. राग आलाय. इतक्या वर्षांत एकदाच मोठं मन करायला निघालो, तर तिथेही हा माणूस माझ्या आधी पोचलेला. एवढं एक तरी माझ्यासाठी ठेवायचं होतं त्याने.

नाही, त्याचंच नाव घाल. तो नको म्हणाला तरी घाल. ह्या एका गोष्टीत मी त्याचं चालू देणार नाही… हो, उद्या ये, कॅसेट घेऊन जा. फक्त त्याला एक सांगू नकोस, मी जळतो म्हणून…

तेही माहीत आहे त्याला?… केव्हापासून?… ठेव. ठेव गो फोन.