गैरहजर कोणी नाही

शिंपीण : खांदा साडेसतरा.

सासू : उपस्थित सदस्य सात.

शिंपीण : बाही चोवीस. हात सैल सोडा, भाऊजी.

सासू : गैरहजर, कोणी नाही.

शिंपीण : आई, काजाची सुई कुठे खोचलीत?

सासू : पंख्याच्या दुरुस्तीचा विषय पुढील बैठकीत घ्यावा.

शिंपीण : छाती अडतीस. मागच्या शर्टाला चाळीस होती. वाळलात.

कारकून : झोप लागत नाही, वहिनी. मावशी, ते कागद मोठ्याने नका ना वाचू. दार उघडं आहे.

सासू : मग मनात वाचायचं होतं तर बैठका कशाला भरवता? थांबा, सापडलं. "नाल्यावरील पादचारी पूल पाडून ती जागा वाहने उभी करण्यास द्यावी. ठराव एकमताने मंजूर." खाली सात नावं. पाचवं माझ्या पोराचं.

कारकून : त्यासाठीच तर आलोय मी.

शिंपीण : म्हणजे शर्ट नको होता?

कारकून : शर्टही हवाच होता.

शिंपीण : बैठक नोव्हेंबरात झाली. हे त्याआधीच, मार्चमध्ये गेले. तुम्ही खांदा दिलात, भाऊजी. हाच, साडेसतरा.

कारकून : मी नाही कुठे म्हणतोय? आमच्या कामाची रीत सांगतो, मग तुम्हीच ठरवा. पूल समितीची सातही नावं मी आदल्या दिवशीच रजिस्टरात उतरवून ठेवतो. बैठक सुरू झाली, की जो आला नाही त्याच्या नावापुढे 'गै' लिहायचं. बावीस वर्षं हेच करतोय. त्या दिवशी अध्यक्षांनी झेरॉक्स काढायला पिटाळलं. परत येतो तर ठराव मंजूर आणि मंडळी जिन्यात. 'गै' राहून गेलं.

सासू : एक अक्षर.

कारकून : एकच अक्षर, मावशी.

सासू : एवढ्याशा अक्षराने मेलेला माणूस हात वर करतो होय!

शिंपीण : पण यादीत नाव होतंच कसं?

कारकून : दरवर्षी नगरपालिकेच्या एप्रिलच्या सभेत रहिवासी सदस्य नेमतात. अर्ज मागवावेत, छाननी करावी, एकेक नाव चर्चेला घ्यावं, असं नियमात आहे. खरं तर कोणीतरी म्हणतं "मागील यादी कायम", आणि बाकं वाजतात.

सासू : एप्रिलची सभा? अहो, त्याच सभेत माझ्या पोरासाठी दोन मिनिटं उभे राहिले होते सगळे! मी मागच्या बाकावर होते. तुम्हीही उभे होतात, पेन कानाला लावून.

कारकून : तो विषय क्रमांक तीन.

सासू : आणि नेमणूक?

कारकून : अकरा.

सासू : म्हणजे तीनला पोचवलं आणि अकराला परत बोलावून कामाला जुंपलं. जिवंत होता तेव्हा त्याचं एक ऐकलं नाही. हा पूल भक्कम आहे, कठड्याचे जोड मी स्वतः मारलेत, हे सांगून सांगून घसा बसला त्याचा. तेव्हा म्हणायचे, वेल्डरला काय कळतं. मेल्यावर बरा एकमतात आला!

कारकून : वहिनी, रागावू नका. पण नेमणुकीचं पत्र मेमध्ये तुमच्या घरी आलं होतं. तेव्हाच परत पाठवलं असतंत, तर हे पुढचं झालं नसतं.

शिंपीण : हो. आलं होतं.

सासू : मला नाही बोललीस कधी.

शिंपीण : मशीनच्या खणात ठेवलं होतं, आई. "आपले हार्दिक अभिनंदन" असं होतं त्यात. म्हटलं राहू दे. कुठेतरी नाव चालू आहे त्यांचं. ही माझी चूक, भाऊजी. तेवढी मी घेते. बाकीची तुमच्याकडे ठेवा.

कारकून : बाकीचीही मिटेल. ऐका. सोमवारी मोठ्या सभेत हा ठराव कायम होतोय. मंगळवारी ठेकेदार पुलावर येणार. आणि नेमकी मधेच कोणीतरी बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागितली...

शिंपीण : मी मागितली.

कारकून : ठाऊक आहे. माझ्याच खिडकीत अर्ज टाकलात, सुट्टे नाहीत म्हणून मी ओरडलोसुद्धा तुमच्यावर. तर अडचण अशी, की पाडकामाच्या ठरावाला समितीचे सगळे सदस्य हजर लागतात. सातची समिती, सात हजर. एक जरी कमी, तरी ठराव रद्द. म्हणून हा कागद आणलाय.

शिंपीण : वाचा.

कारकून : राजीनामा आहे. त्यांच्या नावाचा, फेब्रुवारीच्या तारखेचा. "प्रकृतीच्या कारणास्तव." म्हणजे समिती उरली सहाची, सहाही जण हजर होते, पाचवं नाव लेखनदोष. कोणाला काही लागत नाही. फक्त सही हवी. तुम्हाला येते त्यांची. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर तुम्हीच करायचात.

सासू : काय माणूस आहे! नेमकं तेवढं लक्षात ठेवलंय.

कारकून : आणि फुकट नाही मागत, मावशी. रिकाम्या जागेवर वहिनींचं नाव घेणार आहेत. अध्यक्षांनी शब्द दिलाय. रहिवासी सदस्य, पूल समिती. दारावर पाटी लावता येईल.

शिंपीण : पूल पाडल्यावर पूल समितीत बसून मी काय करू? तुरपाई?

कारकून : वहिनी...

शिंपीण : आई आठवड्यातून दोनदा पलीकडच्या दवाखान्यात जातात. या पुलावरून अकरा मिनिटं लागतात. पूल गेला, की मोठ्या रस्त्याने पाऊण तास, आणि ट्रक थांबत नाहीत. गुडघे त्यांचे हे असे. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच पुलावरून उतरतात. तुम्ही स्वतः कुठून आलात आज?

कारकून : पुलावरूनच.

शिंपीण : मग?

कारकून : आठ महिने राहिलेत माझे. आठ महिन्यांनी निवृत्त. आत्ता चौकशी लागली तर बावीस वर्षांवर पाणी. त्यांच्यासोबत पत्ते खेळायला रोज संध्याकाळी या ओट्यावर बसायचो मी. हे करताना मला बरं वाटतंय का?

शिंपीण : नाही वाटत. दिसतंय. छाती दोन इंच उतरलीय. पण सही नाही होणार.

कारकून : थोडा विचार करा.

शिंपीण : केला. फेब्रुवारीत ते राजीनामा द्यायच्या मनःस्थितीत नव्हते. फेब्रुवारीत ते पुलाच्या कठड्याला रंग देत होते, स्वतःच्या ब्रशने. त्यांनी सोडली नाही ती जागा मी त्यांच्या नावाने सोडू? सोमवारी सभेला येतेय मी. हे घेऊन. बघा.

कारकून : मृत्यूचा दाखला.

शिंपीण : तुमच्याच कार्यालयाचा. खाली सही कोणाची आहे?

कारकून : माझी.

शिंपीण : एका खिडकीतून माणूस मेल्याचं लिहून देता, आणि शेजारच्या खोलीत त्याचा हात वर करून घेता. हे मी सगळ्यांसमोर वाचणार. हाकलून दिलं तर जिन्यात वाचेन. जिन्यातून काढलं तर पुलावर उभी राहून वाचेन. मंगळवारी ठेकेदार येईल, त्यालाही ऐकवेन.

सासू : मी पण येणार. मला खुर्ची लागेल.

कारकून : तुम्हाला सभेत बोलूच देणार नाहीत, वहिनी. तुम्ही सदस्य नाही.

शिंपीण : हे मेलेले असून बोलले. मी तर जिवंत आहे.

सासू : कशाला सोमवारची वाट बघायची? इथेच भरवू सभा. अगं, ती कात्री दे, टेबलावर आपटायला. हं. उपस्थित तीन. गैरहजर एक, आणि त्याच्यापुढे 'गै' लिहिलेलं आहे. ठराव पहिला. माझा पोरगा मेलेला आहे.

कारकून : मावशी, असं नसतं. आधी सूचक लागतो. मग अनुमोदक. मग मत.

सासू : सूचक मी. जन्माला मी घातलं, मीच मांडते.

शिंपीण : अनुमोदन.

सासू : विरोधात कोणी?

(मोजपट्टी अजून कारकुनाच्या गळ्यात आहे. तो ती काढतो, गुंडाळतो, टेबलावर ठेवतो, पुन्हा उलगडतो.)

सासू : अहो कारकून, सभेत झोपायचं नाही.

कारकून : विरोध नाही.

सासू : मग लिहा. तुमच्याशिवाय इथे कोणाला लिहिता येतं तसं?

कारकून : कशावर?

शिंपीण : त्या राजीनाम्याच्या मागे. कोरा आहे.

कारकून : "नोव्हेंबरच्या बैठकीस प्रत्यक्षात सहा सदस्य हजर होते. पाचवे नाव माझ्याकडून..." वहिनी, 'नजरचुकीने' लिहू?

शिंपीण : जे झालं ते लिहा.

कारकून : "...माझ्याकडून आदल्या दिवशी लिहिले गेले व त्यापुढे 'गै' लिहायचे राहिले." तारीख आजची. ही सही. माझीच आहे.

सासू : ओळखू येते. दाखल्यावरची अशीच वाकडी आहे.

कारकून : आता नीट ऐका. सोमवारी अकराला सभा. दहालाच येऊन पुढच्या बाकावर बसा, मागून आवाज पोचत नाही. "मागील इतिवृत्त कायम करणे" हा विषय पहिलाच असतो. अध्यक्ष तो एका दमात म्हणून टाकतात. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठून एकच शब्द म्हणायचा : हरकत. बाकं वाजल्यावर म्हणालात, तर गेलं. आणि रहिवाशाला हरकत घेता येते. सदस्य असावं लागत नाही.

शिंपीण : मघाशी म्हणालात, बोलू देणार नाहीत.

कारकून : मघाशी मी शर्टाचं माप देत होतो. आणि त्यांनी मला विचारलं, तर मी उभा राहीन.

शिंपीण : ती जागा आता रिकामी झाली ना?

कारकून : आत्ता झाली. खऱ्या अर्थाने.

शिंपीण : मग त्याचा अर्ज असतो म्हणालात. मला हवाय. शब्द नको कोणाचा. अर्ज करून, छाननी होऊन, नाव वाचलं जाऊन बसेन. नाही घेतलं तर पुढच्या एप्रिलला परत करेन. दर एप्रिलला.

कारकून : बावीस वर्षांत कोणी मागितला नाही तो. कपाटात गठ्ठा पडलाय, पिवळा झालेला. उद्या आणून देतो. दोन पानी आहे. नाव, पत्ता, व्यवसाय. मग शेवटचा रकाना मोठा : "सदर कामाशी अर्जदाराचा संबंध काय, ते थोडक्यात लिहावे."

सासू : थोडक्यात म्हणे!

कारकून : कच्चं लिहून घेऊ का आत्ताच? पेन हातात आहे तोवर. बोला, वहिनी. संबंध?

शिंपीण : लिहा. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी हे शिलाई मशीन खांद्यावर घेऊन तो पूल ओलांडला.