रविवारचं तेल

समारंभाचे अध्यक्ष योगराजभाऊ, आमच्या मिलचे शेठ, शेठच्या मातोश्री ज्यांना आपण सगळे बा म्हणतो त्या, व्यासपीठावरचे पाहुणे, खाली बसलेले डाईंगवाले, पॅकिंगवाले, गोडादऱ्याहून आलेली आमची माणसं आणि मागं उभ्या राहिलेल्या बायांनो, सरलाबाईचा सगळ्यांना नमस्कार.

मी दुसरीपर्यंत शिकले. उठवलंय तर बोलते. मध्ये टाळ्या वाजवू नका, पुढचं विसरायला होतं.

हार घालून बसलेत ते माझे मालक. नाव मागं फळ्यावर लिहिलंय, ते मी घेणार नाही. फौजेतून सुटून या पलसाण्याच्या गेटवर आले, ते आजपर्यंत. प्लेगच्या साली सगळी सुरत पळाली तरी हा माणूस गेटवरून हलला नाही, असं आत्ता तिघांनी सांगितलं. खरं आहे. पण गेटच्या आतल्या खोलीत मीपण होते की. ते कोणी बोललं नाही. अख्ख्या कंपाउंडात दुसरी बाई नव्हती. भांडायचं तरी कोणाशी? हे तर बोलतच नाहीत. भाजीत मीठ नसलं तरी खाऊन उठतात.

बोलायचे ते पिस्तुलाशी. शेठच्या परवान्याचं, यांच्या कमरेचं. रविवार उजाडला की जुना पेपर अंथरायचा, माझ्याकडं पाठ करून बसायचं. मी इकडं शिलाईमशीनवर फॉल लावायची. खोली एवढीशी, तरी मला वाटायचं मी परगावी बसलेय.

गोपालदादा, आता गेट तुझ्याकडं, म्हणून ऐकून ठेव. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं ओढून नळीत गोळी नाही ना ते बघायचं, बोट घालून बघायचं. मग उघडायचं. ब्रश फिरवायचा, चिंदी ओढायची, स्लाइड जिथं घासते तिथं तेलाचा थेंब. थेंब म्हणजे थेंब, भजी तळायची नाहीत. आणि वरचा रंग बघून घासायला जाऊ नकोस. त्याला पार्कराइज म्हणतात. काळपट, खरखरीत, तव्यासारखा. तो चमकत नाही, चमकवायचाही नाही. तो तेल पितो. कापडानं तेल चोळायचं, थोडं मुरू द्यायचं, वरवरचं पुसायचं. कोरडा पडला की इथल्या वाफेत आणि खाऱ्या हवेत गंज धरलाच.

आता बा, रागावू नका. गेल्या दसऱ्याला मिलमध्ये पूजा झाली. कात्र्या, पाने, मशीन आणि पाटावर पिस्तूल. तुम्ही प्रेमानं हळदकुंकू वाहिलंत, वरून नारळाचं पाणी शिंपडलंत. देवाला चालतं, पार्कराइजला नाही. ते पाणी पण प्यायलं, कुंकू पण प्यायलं. यांनी तुमच्यासमोर हात जोडले आणि घरी येऊन जेवले नाहीत.

त्या दिवशी रविवार नव्हता तरी पेपर अंथरला. घासतात, तेल लावतात, उजेडाकडं धरतात, परत घासतात. डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, जवळचं बारीक काही दिसत नव्हतं. कुंकू कुठलं आणि गंज कुठला, कळेना. मग माझ्याकडं वळले. आमच्या अहिराणीत म्हणाले, “तू दख, डाग गया का?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं मला काही विचारलं असेल तर ते तेवढंच. मी मशीन सोडून समोर जाऊन बसले. डाग होता. मी दाखवायची, हे ब्रश मारायचे. गेला एकदाचा.

तेव्हापासून रविवारी पाठ केली नाही. मी बघायची, हे पुसायचे. बोलणं म्हणजे “इथं”, “अजून”, “बस”. तुम्ही हसताय, हसा. मला तेवढं पुरत होतं.

आज सकाळी पिस्तूल शेठच्या तिजोरीत गेलं. उद्या आम्ही गोडादऱ्याला राहायला जाणार. सगळे म्हणतात, सरलाबाई, आता आराम. कसला आराम? रविवारी हा माणूस कोणीकडं तोंड करून बसेल, ते मला कोणी सांगा.

शेठ, शाल दिलीत, आभार. बा, तुम्ही रागावला नाहीत, तुमचेही आभार. स्वयंपाकाला लागलेल्या बायांचे सगळ्यात जास्त. तोंडाची फटकळ आहे, कोणाला लागलं असेल तर जेवणाबरोबर गिळून टाका.

आणि अहो, सगळ्यांसमोर सांगते, घरी तुम्ही ऐकत नाही. माझी शिलाईमशीन करकरतेय. तिला कधी कोणी तेल घातलं नाही. या रविवारी मी पेपर अंथरणार आहे. बसणार का?

काय? मोठ्यानं बोला, माईक माझ्याकडं आहे.

ऐकलंत का मंडळी? म्हणतात, “आजना पेपर लेऊ नको, शाई लागस.”

झालं माझं. पानं वाढा.